शेवटच्या नळाचे पाणी

(संस्थेच्या वार्षिक सभेनंतर झालेल्या आरोग्य व्याख्यानात रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागाच्या वतीने करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेच्या निमित्ताने वैद्यकीय विभागाने एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा आम्ही पिण्याच्या पाण्याचा विषय निवडला आहे. पाणीपुरवठा हे नगरपालिकेचे काम, त्यात रुग्णालयाने का पडावे, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आमच्या आंतररुग्ण विभागाच्या नोंदवहीत आहे. मृगाचा पाऊस पडून गटारे भरून वाहू लागली की प्रथम जुलाब-उलट्यांनी कोमेजलेली बालके येतात, पाठोपाठ विषमज्वराचे रुग्ण येतात आणि आणखी काही आठवड्यांनी काविळीचे. हा क्रम आमच्या परिचारिकांनाही पाठ झाला आहे. आपण उदार मनाने दिलेल्या देणग्यांतून ज्या सवलतीच्या खाटा चालतात, त्यांतील कित्येक खाटा पावसाळ्यात अशा आजारांनी अडतात, जे मुळात टाळता येण्याजोगे आहेत. म्हणूनच हा विषय आपल्यासमोर मांडणे आम्हास कर्तव्य वाटते.

रुग्णालयाला उशिरा कळते

पाण्यावाटे येणाऱ्या प्रत्येक रोगाला शरीरात मूळ धरण्यास ठरावीक अवधी लागतो. पटकीची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात. विषमज्वराला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस 'ई' ही कावीळ उघड होण्यास दोन ते दहा आठवडे जाऊ शकतात. याचा अर्थ असा की, ज्या दिवशी काविळीचा पहिला रुग्ण आमच्या दारात येतो, त्या दिवशी ते दूषित पाणी पिऊन वस्तीला महिना-दीड महिना उलटून गेलेला असतो. 'आम्ही तर आता पाणी उकळून पितो, मग कावीळ कशी झाली?' असे रुग्णांचे नातेवाईक आम्हास विचारतात. आजचे उकळलेले पाणी गेल्या महिन्यातील घोट परत घेऊ शकत नाही, हेच त्याचे उत्तर.

हिपॅटायटिस 'ई' हा बहुतेक निरोगी प्रौढांमध्ये आपोआप बरा होणारा आजार आहे. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हाच आजार झाल्यास शंभरातील २० ते २५ माता दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यकृत निकामी होऊ लागल्यावर आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयाच्या हाती फार थोडे उपाय उरतात. मोठ्या शहरात पाठविण्याची चिठ्ठी लिहिताना प्रत्येक वेळी आम्हास हीच जाणीव होते की, या मातेचा बचाव काही आठवड्यांपूर्वी, तिच्या घरच्या नळाशी व्हावयास हवा होता.

केंद्रापासून घरापर्यंत

आपल्या गावांतील पाणी दूषित कोठे होते, याविषयी एक समज आहे. नदी घाण झाली, म्हणून पाणी घाण आले, असे आपण सहज म्हणतो. नदीचे प्रदूषण ही गंभीर बाब आहेच. परंतु जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा देऊन गाळ खाली बसविला, पाणी वाळूच्या थरातून गाळले आणि क्लोरीन मिसळून अर्धा तास संपर्कात ठेवले, तर केंद्रातून निघणारे पाणी बहुधा निर्धोक असते. खरा धोका त्यापुढील प्रवासात असतो.

लहान गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास, कित्येक ठिकाणी एक दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा सोडले जाते. पाणी सुरू असते तोवर वाहिनीत दाब असतो आणि सांधा गळका असला तरी पाणी बाहेर जाते. पुरवठा बंद होताच वाहिनी रिकामी होऊ लागते, आत पोकळी निर्माण होते आणि त्याच गळक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. हे बाहेरचे पाणी कसले असते, हे आपल्या गल्लीतून चालत गेल्यास दिसते. अनेक घरांचे नळजोडणीचे पाइप थेट गटारातून नेलेले असतात. भुयारी गटार योजना नसलेल्या गावांत शौचालयांच्या टाक्यांचे सांडपाणीही त्याच उघड्या गटारात येते. त्यातच पाण्याला जोर नाही म्हणून नळाला थेट मोटार लावण्याची सवय सर्वत्र आहे. मोटार आपल्या घरात पाणी खेचते, त्याचबरोबर आजूबाजूच्या फटींतील घाणही वाहिनीत खेचते. दुसऱ्या दिवशी नळ आला की पहिली काही मिनिटे जे गढूळ, वास मारणारे पाणी येते, ती या साऱ्याची पावती असते.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात, हुबळी-धारवाड येथे, या प्रश्नाचा वर्षभर अभ्यास झाला व तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जोडशहरात काही प्रभागांना चोवीस तास, तर इतरांना ठरावीक वेळीच पाणी मिळत होते. त्यामुळे एकाच गावात दोन्ही पद्धतींची तुलना करता आली. जेथे सतत पाणी होते, तेथील नळांच्या नमुन्यांपैकी ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जीवाणू आढळला. जेथे पाणी खंडित होते, तेथे हे प्रमाण ३१.७ टक्के होते. पावसाळ्यात खंडित पुरवठ्याच्या नळांचे पाणी आणखी बिघडले. हाच अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो, ती घराघरांतील गृहिणींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोन्ही भागांत नळातून थेट घेतलेल्या पाण्यापेक्षा घरात साठवलेल्या पिण्याच्या पाण्यात जीवाणू अधिक होते.

आपल्याकडे 'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये' असे म्हणतात. आरोग्याच्या बाबतीत मात्र नदीचे मूळ एक वेळ पाहिले नाही तरी चालेल, नळाचे टोक पाहणे चुकवू नये.

एक मिनिटाची तपासणी

या टोकाची परीक्षा कशी करावी? त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. भारतीय मानक आय.एस. १०५०० नुसार ग्राहकाच्या नळाशी दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ मिलिग्रॅम. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये, असेही हे मानक सांगते. जीवाणूंच्या तपासणीस एक-दोन दिवस लागतात. शिल्लक क्लोरीनची तपासणी एका मिनिटात होते. परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकल्यास पिवळा रंग येतो, डी.पी.डी.ची गोळी टाकल्यास गुलाबी. रंग तक्त्याशी जुळवावयाचा, इतकेच काम. तपासलेले पाणी मात्र फेकून द्यावे.

शिल्लक क्लोरीनला आम्ही एवढे महत्त्व का देतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. क्लोरीन घाणीशी झुंजताना स्वतः खर्ची पडते. केंद्रातून निघताना ते पुरेसे होते आणि शेवटच्या नळावर ते शून्य झाले, तर वाटेत कोठेतरी घाण शिरली आहे, असा संशय घेण्यास जागा असते. म्हणजेच रंग न येणे हा एक निरोप आहे. तो त्याच दिवशी मिळतो, तर आमच्या केसपेपरवरचा निरोप कित्येक आठवड्यांनी मिळतो. या दोन तारखांमधील अंतरात जितकी माणसे ते पाणी पितात, तितके आजार टाळण्याची संधी आपण गमावतो.

क्लोरीन देणाऱ्या ब्लीचिंग पावडरीविषयीही, जिला आपण टीसीएल म्हणून ओळखतो, दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असते. पोते उघडे राहिले, दमट किंवा उन्हाच्या जागी पडले, की तिचा जोर झपाट्याने उतरतो. अशी निःसत्त्व पावडर कितीही टाकली तरी वहीत नोंद होते, पण पाण्यात काही होत नाही. तुलनेने स्वच्छ अशा हजार लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची साधारण २.५ ग्रॅम पावडर पुरते. गढूळ पाण्यात मात्र हा हिशेब चुकतो, कारण मातीच्या कणांआड जंतू सुरक्षित राहतात. म्हणून आधी गाळ, मग क्लोरीन, हा क्रम सोडता येत नाही.

इतिहासाने दिलेले धडे

डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेचा प्रवाह बदलल्याने नजफगड नाल्याचे सांडपाणी शहरासाठी पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले होते. धोका ओळखून तुरटी व क्लोरीन वाढविण्यात आले, त्यामुळे विषमज्वरासारख्या जीवाणूजन्य रोगांनी डोके वर काढले नाही. परंतु अतिदूषित पाण्यातून विषाणू निसटले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस 'ई' होती, हे साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कित्येक वर्षांनी सिद्ध झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने या काविळीच्या अभ्यासात मोलाची भर घातली आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हा धडा जुना झालेला नाही. २०१२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे काविळीच्या साथीत हजारो लोक आजारी पडले, काहींचा मृत्यूही झाला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलियन-बारे सिंड्रोम या हातापायांतील शक्ती हरवणाऱ्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेपलीकडे गेली. काही रुग्णांच्या मलनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू व नोरोव्हायरस आढळले आणि दूषित पाण्याकडे लक्ष वेधले गेले. दूषित पाण्याने फक्त पोट बिघडते, ही समजूत यापुढे कोणी बाळगू नये.

पाण्याच्या प्रश्नाला आपल्या भूमीत न्यायाचाही इतिहास आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सार्वजनिक पाण्यावर प्रत्येकाचा समान हक्क आहे, हे जगापुढे मांडले. पाणी घेण्याचा हक्क आज कायद्याने सर्वांस आहे. पण जलवाहिनीच्या टोकाला, जेथे दाब सर्वांत कमी आणि क्लोरीन जवळजवळ संपलेले असते, तेथे बहुधा गावातील गरिबांचीच वस्ती असते. ज्यांना गाळणयंत्र घेणे परवडत नाही आणि एक दिवसाची मजुरीही बुडविता येत नाही, त्यांच्याच वाट्याला हे पाणी येते. समान पाणी म्हणजे समान गुणवत्तेचे पाणी, असा अर्थ आता आपण घेतला पाहिजे.

हे अशक्य नाही. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना राबविली आणि लहान गावालाही हे जमते, हे दाखविले. ओडिशातील पुरीने जुलै २०२१ पासून नळाचे पाणी थेट पिता येईल अशा दर्जाची चोवीस तास सेवा सुरू केली. सतत दाब राहिल्याने वाहिनीत घाण शिरत नाही, हेच या योजनांचे मर्म आहे. आपल्या गावास तेथवर जाण्यास वेळ व निधी लागेल. तोपर्यंत हात जोडून बसावे लागेल, असे मात्र नाही.

घरातील दक्षता

रुग्णांच्या नातेवाइकांस आमची काही कळकळीची विनंती आहे. नळ आल्यावर पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये; ते धुण्या-भांड्यांस वापरावे. नळाला थेट मोटार लावू नये. आपली नळजोडणी गटारातून गेली असल्यास ती वर उचलून घ्यावी. हा एकदाचा खर्च दवाखान्याच्या एका फेरीपेक्षा जड नाही. पिण्याचे पाणी झाकणाच्या व तोटीच्या भांड्यात ठेवावे. माठ किंवा पिंप असल्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, पेला हाताने बुडवू नये. साथीच्या दिवसांत पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ते तसेच उकळू द्यावे आणि त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे. कापडाने गाळल्याने कचरा निघतो, विषाणू निघत नाहीत. तुरटीने पाणी नितळ होते, निर्जंतुक होत नाही.

अलीकडे घरोघरी आर.ओ. यंत्रे आली आहेत, लग्नकार्यांत थंड पाण्याचे जार येतात. आर.ओ. यंत्रातून आलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. त्यामुळे ते पाणी अस्वच्छ भांड्यात साठविल्यास त्याला कोणतेच संरक्षण नसते. सील नसलेल्या जारमधील पाणी थंड असते, एवढेच खात्रीने सांगता येते.

इतके करूनही बालकास जुलाब झालेच, तर वेळ घालवू नये. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देऊन पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. तेच आजचे ओ.आर.एस. पाकीट हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार चालू ठेवावा. डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा जुलाबात रक्त पडले, तर तत्काळ रुग्णालयात आणावे.

आमचा संकल्प

विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक प्रस्ताव नम्रपणे ठेवीत आहोत. येत्या पावसाळ्यापासून गावाच्या चारही टोकांच्या शेवटच्या नळांवर रोज सकाळी शिल्लक क्लोरीन तपासले जावे. या कामी महाविद्यालयीन विद्यार्थी व महिला बचत गटांच्या भगिनींना आम्ही प्रशिक्षण देऊ. निष्कर्ष रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लिहिला जाईल आणि रंग न आल्यास त्याच सकाळी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागास कळविला जाईल. दुसरे असे की, जुलाब, विषमज्वर व कावीळ यांच्या प्रत्येक रुग्णाची गल्ली आम्ही गावाच्या नकाशावर टिपून ठेवू. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे डॉ. जॉन स्नो पोहोचले, ते मृत्यूंचे पत्ते तपासूनच. आमच्याकडे पत्ते रोज येतात. ते कपाटात पडून राहू नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.

या उपक्रमात कोणावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. अपुऱ्या मनुष्यबळात पहाटे उठून पाणी सोडणारे कर्मचारी या कामातील आमचे पहिले सहकारी आहेत. फुटलेली वाहिनी नेमकी कोठे आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांना वेळेवर निरोप मिळाला, तर दुरुस्तीही वेळेवर होईल.

देणगीदार बंधु-भगिनींनो, आपल्या दातृत्वातून या वास्तूत खाटा उभ्या राहिल्या, यंत्रे आली. त्यांवर देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्याचा आम्हास अभिमान आहे. यंदा आम्ही जे मागत आहोत त्यावर नाव कोरता येणार नाही. परीक्षानळ्या, काही द्रावणे, एक फलक आणि एक नोंदवही, इतकाच त्याचा पसारा आहे. परंतु एखाद्या पावसाळ्यात काविळीच्या खाटा रिकाम्या राहिल्या आणि नववा महिना लागलेली एखादी लेक सुखरूप बाळंत होऊन घरी गेली, तर त्यामागे आपल्या याच देणगीचा हात असेल.